दुसरी सुईण

गिरणीमागच्या चाळीत रंभाबाईच्या हातावर जन्मलं नाही असं पोर शोधून सापडलं नसतं. बाई अडली की लोक तिच्याकडे धाव घेत. तिच्या हातापेक्षा तिची जीभच जास्त गुणाची, असं बायका म्हणत. "माजी वागीण हाय तू, आता जरासंच ऱ्हायलं," असं ती कानाशी लागून म्हणाली, की परक्या घरची भ्यालेली पोर तिचा दंड घट्ट धरून नेट लावायची.

म्हणून त्या दिवशी सकाळचा भोंगा होऊन गेला तरी मुलगा कुंडलिक दारातच घुटमळला, तेव्हा तिला वाटलं, बायकोच्या कळा बघून बापडा बावरलाय.

"जा की तू कामावर. मी हाय न्हवं हितं?"

कुंडलिकनं टोपी काढली, परत घातली. "आये, ती म्हंतीया रत्नम्माला बोलवा."

"कोण रत्नम्मा?"

"साखर पेठेतली. विणकरांच्यात बाळंतपणं करती ती."

"आन मी?"

कुंडलिकनं खाली बघितलं. "ती म्हंतीया, आत्याबाई नकोत. लई रडाया लागलीया, आये. मी तरी काय करू?" उत्तराला न थांबता तो पेठेच्या वाटेनं पळाला.

रंभाबाईनं बाहेर येऊन चूल पेटवली, पाणी ठेवलं. फोडून ठेवलेलं जळण पुन्हा फोडलं. अंगण झाडलं, आणि झाडून झाल्यावर परत झाडलं. शेजारची चिमाबाई जाता जाता थबकली.

"रंभाबाई, तुमी भाईर? मग आत कोण?"

"आपल्या माणसाला आपला हात लावू न्हाई म्हंत्यात," रंभाबाई म्हणाली. उभ्या आयुष्यात असली रीत तिनं स्वतःही कधी ऐकली नव्हती.

रत्नम्मा आली, हातपाय धुऊन आत गेली, दार लोटलं गेलं. रंभाबाई दाराशी जायची, कान द्यायची, माघारी यायची. मनात राग खदखदत होता. काय कमी केलं मी हिला? खायला घातलं नाही? हात उगारला कधी? आई नाही पोरीला, माहेर कुंभारी गावात, हाकेवर असून नसल्यासारखं, म्हणून पहिलं बाळंतपण इथं करायचं ठरवलं, ते कुणी? मीच ना?

आतून सुनेचं, विजयमालेचं कण्हणं आलं आणि रंभाबाईला सातवा महिना आठवला. नळावरून येताना पोर पायरीवर घसरून पडली होती. आवाज ऐकून रंभाबाई धावली होती, आणि धावताना ओरडली होती, "घागर चेपली का?" आधी घागरच उचलली होती तिनं. पोर भिंतीला धरून आपली आपण उठली. त्याच दिवशी रंभाबाई चाळीच्या दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणीला तूप घातलेली पेज घेऊन गेली, घोटघोट पाजून आली. ती घरातून निघताना सून दारात उभी राहून त्या झाकलेल्या वाटीकडे बघत होती.

तिनं आठवून बघितलं. दोन वर्षांत हिला मी गोड असं काय बोलले? एक शब्द सापडेना. आठवत होतं ते सगळं नीट कर, उरक, आईनं शिकवलं नाही का. तेही मेलेल्या आईवरून. तिला बसवेना. ती उठली, ढणाढणा पेटलेल्या चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

दार किलकिलं झालं. रत्नम्मा घामाघूम होती. "अक्का, पोरगी थकली. मागून धरायला माणूस पायजे."

"ती मला नको म्हंतीया."

"इचारते."

आत कुजबुज झाली. आजवर रंभाबाई कुणाच्याही बाळंतिणीच्या खोलीत न विचारता शिरली होती. आता स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"या," रत्नम्मा म्हणाली.

विजयमालेनं डोळे उघडले नाहीत. "बसा," ती म्हणाली, "पर बोलू नका, आत्याबाई."

रंभाबाई भिंतीला टेकून बसली आणि तिनं सुनेला छातीशी धरलं. पाठीचे मणके तिला एकेक करून लागले. इतकी वाळली होती पोर, आणि आपण एका घरात राहून बघितलं नव्हतं. रत्नम्मा रंभाबाईच्या मानानं संथ होती. असं कर, तसं कर, असं चार वेळा ओठांवर आलं आणि तिनं चारही वेळा गिळलं. कळ आली की विजयमालेची नखं तिच्या हातात रुतत.

"आये गं!" विजयमाला ओरडली.

ही हाक आपल्याला नाही हे रंभाबाईला कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "व्हय गं." मग तिनं हात आणखी घट्ट केले. सुनेनं ते हात झिडकारले नाहीत.

दुपारचा भोंगा व्हायच्या आत मुलगी झाली. रत्नम्मानं ती दाखवली. विजयमालेनं पोरीकडे बघायच्या आधी सासूच्या तोंडाकडे बघितलं. त्या नजरेतली भीती रंभाबाईला चटका देऊन गेली.

"नाक तुज्यावर गेलंय," ती कसंबसं म्हणाली. "भूक लागली आसंल. तूप घालून पेज आणू?"

विजयमालेनं मान हलवली. ती हो म्हणाली की थकून मान कलली, हे न विचारताच रंभाबाई चुलीकडे गेली.

पण जीभ का एका दिवसात वळते? बारसं होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि विजयमालेच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. "डोळं फुट—" रंभाबाईच्या तोंडून अर्धं निघालंच. उरलेलं दातांत दाबून ती अंगणात गेली. तुळशीला, नळाला, कुणाला माहीत कशाला, चार फेऱ्या मारून आली. आल्यावर फडकं घेऊन खाली बसली आणि दूध पुसायला लागली. मुद्रा अशी, की कुणी नरडं आवळलंय.

विजयमाला बघत राहिली. मग पहिल्यांदाच सासूसमोर तिला हसू फुटलं.

"बोला की, आत्याबाई. आसं पोटात कोंडून ठिवू नगा. तुमचं त्वांड बगून पोरगी भ्यायली."

पोरगी खरंच रडत होती. रंभाबाईनं फडकं टाकलं, हात पुसून तिला उचललं. ती नुसती खोलीभर येरझारा घालत पोरीला थोपटत राहिली, आणि सून उरलेलं दूध पुसत राहिली.