मी एकही सामना जिंकलेला नाही

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, आणि मी संतापलेली आहे. खुर्चीला राग शोभत नाही, असे तुम्ही म्हणाल. माझे म्हणणे पूर्ण ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोकळ लोखंडी नळ्या वाकवल्या, सांधे जोडले, पत्र्याची बैठक ठोकली. त्याच साच्यातून माझ्यासारख्या शेकडो निघाल्या आणि आमच्यात काडीचाही फरक नव्हता. एका महाविद्यालयाने मला बास्केटबॉलच्या मैदानाकडेला मांडले. मुलींच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक माझ्यावर बसत. त्यांना सगळे 'सर' म्हणत. एका वर्षी संघाने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा सर माझ्यावर बसले होते. त्याआधीच्या साऱ्या पराभवांतही ते माझ्यावरच बसले होते. पण ते कोणी मोजले नाही. मग मी शुभ ठरले आणि मला लाल रंग देण्यात आला. सामन्यापूर्वी प्रत्येक खेळाडू माझ्या पाठीला हात लावू लागली.

सरांच्या मागे एक बाई उभ्या असत. त्या याच संघातून खेळल्या होत्या. गुडघा निकामी झाल्यावर त्यांनी खेळ सोडला, मैदान सोडले नाही. आधी चेंडूंत हवा भरली, मग सामन्यांची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून चुका टिपल्या, मग सहायक प्रशिक्षक झाल्या. मुली त्यांना ताई म्हणत. आपला संघ शेवटच्या काही मिनिटांतच फ्री थ्रो चुकवतो, हे ताईंनी हेरले. कारण साधे होते: सराव ताज्या दमाने होई आणि सामना थकलेल्या पायांनी. त्यांनी मुलींना मैदानभर पळवून, धाप लागलेली असतानाच चेंडू टाकायला लावले.

"ताई, जीव जाईल आमचा!"

"जाऊ दे. पण चेंडू रिंगमध्ये टाकून मग जा."

त्यानंतरच संघ जिंकू लागला आणि ते अजिंक्यपद आले. विजयाच्या छायाचित्रात मी मधोमध होते. ताईंचा अर्धा खांदा तेवढा कडेला आला होता.

सर निवृत्त झाले आणि एका हंगामासाठी संघ ताईंकडे आला. त्या माझ्यावर कधीच बसल्या नाहीत. उभे राहिले की पलीकडचा कोपरा दिसतो, एवढेच त्यामागचे कारण. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि एका गुणाने हरला.

मग कायम प्रशिक्षक निवडण्यासाठी प्राचार्यांच्या दालनात बैठक भरली. मलाही तिथे नेऊन ठेवले होते, जणू मीही निवड समितीत होते.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमच्या कामाबद्दल वादच नाही. पण अंतिम सामन्यात खुर्ची रिकामी होती. लोक बोलतात हो."

"साहेब, ती रिकामी असतानाच आपण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो."

"अहो, एवढ्याशा गोष्टीचा कशाला वाद? पुढच्या हंगामापासून बसेन म्हणा, की झालं. पद तुमचंच."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. ते पद त्यांना किती हवे होते, हे मला ठाऊक होते. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्या दिवशी मुलींशी काय बोलायचे, हे त्या रिकाम्या मैदानात पुटपुटून पाहत. ते मी ऐकले होते.

"बसायला माझं काय जातं?" त्या म्हणाल्या. "पण जिंकलो तर खुर्चीमुळे आणि हरलो तर माझ्यामुळे, असंच होणार ना? मग मुलींना सराव करा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"फार हट्टी आहात बुवा."

"आहे."

पद एका नावाजलेल्या माजी खेळाडूला मिळाले. मैदानावर येताच तो ताईंना म्हणाला, "तुम्ही मदतीला राहाल ना? मला शिकवण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग हो कशाला म्हणालास?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या निघून गेल्या. आता त्या दुसऱ्या महाविद्यालयात शिकवतात.

नवा प्रशिक्षक नेमाने माझ्यावर बसतो आणि संघ नेमाने हरतो. तुम्हाला वाटेल, आता तरी यांचे डोळे उघडले असतील. छे! माझा रंग उडाला म्हणून संघ हरतो, असे अध्यक्षांचे ताजे मत आहे. रंगाचा नवा डबाही आला आहे. मित्रांनो, ज्या समजुतीला कोणताच पराभव खोटे पाडू शकत नाही, ती समजूत नव्हे. ती आळशी माणसांची सोय असते.

वस्तू आपली कहाणी संपवताना 'मला जपा' अशी विनवणी करतात. मी करणार नाही. गंजू द्या मला. थकलेले कोणी आले तर मला उघडून त्याला टेकू द्या. याहून अधिक मला काही येत नाही, कधी येतही नव्हते. जपायचेच असेल, तर ज्यांना काही येते त्यांना जपा. तो डबा बंद करा, त्या दुसऱ्या महाविद्यालयात जा आणि ताईंना सन्मानाने परत बोलवा.

आणि कृपा करून त्यांना बसायला सांगू नका.