हनुवटीवरचे केस

"मान वर कर. अजून थोडी. आता कातडी ताणून धर," दातांत दोरा धरूनच मामी म्हणाली.

भाचीने मान वर केली आणि मामीचा हात थांबला. हनुवटीखाली केस होते. लव नव्हती ती. चांगले काळे, राठ केस.

"हे कधीपासून गं?"

"झालं की वर्षभर. मी घरीच उपटते."

"आणि पाळी?"

भाचीने पार्लरच्या आरशातून मागे बसलेल्या आईकडे पाहिलं. मासिक चाळत बसलेली आई, म्हणजे मामीची नणंदच बोलली, "येते दोन-तीन महिन्यांनी. या वयात व्हायचंच मागेपुढे. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, वहिनी."

अगदी हेच मामीची आई म्हणायची. वर हसून म्हणायची, "बरंय की, दर महिन्याची कटकट नाही!"

मामीचं लग्न झालं. सुरळीत काहीच झालं नाही. गल्लीतल्या बायकांचे चेहरे साफ करून देणारी मामी, नवरा उठायच्या आत न्हाणीघराची कडी लावून स्वतःची हनुवटी साफ करायची. डॉक्टरांकडे गेली तेव्हा पस्तिशी उलटली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं : शरीरातल्या हार्मोन्सचा तोल बिघडलाय, दर महिन्याला बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी चुकते आणि दिवसही राहत नाहीत. पुष्कळ बायकांना असतं हे, औषधांनी मूल होतंही. मामीलाही एकदा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. मग पुन्हा गोळ्या, पुन्हा इंजेक्शनं. शेवटी एके दिवशी नवऱ्याने तिच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. "पुरे आता. तुझे हाल बघवत नाहीत मला." त्यानंतर घरात तो विषय कुणीच काढला नाही.

"ताई, हिला एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" मामी जपूनच म्हणाली.

नणंदेने मासिक मिटलं. "कशाला? तुझं तसं झालं म्हणून माझ्या पोरीचंही होणार आहे का? उगाच तिच्या डोक्यात काहीतरी भरवू नकोस."

शेजारच्या खुर्चीतली बाई एकदम मोबाइलमध्ये बघायला लागली. मामीच्या हातातला दोरा तुटला होता. तिने नवा काढला आणि राहिलेली हनुवटी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात भाची एकटीच आली.

"मामी, चल. जाऊन येऊ."

"अगं, आईला सांगितलंस का?"

"सांगितलं. हो म्हणाली नाही." भाची चप्पल चाळवत राहिली. "पण नाहीही म्हणाली नाही."

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. केस पिकले होते. त्यांनी मामीला ओळखलं नाही. मुलीला तपासलं, सोनोग्राफी झाली, रक्ताचे रिपोर्ट आले.

"घाबरायचं कारण नाही हं," त्या भाचीला म्हणाल्या. "रोज चालायला लाग, गोड कमी कर, गोळ्या चुकवू नकोस. पुढे मूल व्हायला कदाचित थोडी मदत लागेल, कदाचित लागणारही नाही. वेळेवर आलीस, फार बरं झालं."

भाचीने सुटकेचा निःश्वास टाकला. मामीही हसली. मग "आलेच" म्हणून बाथरूममध्ये गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा पदर ओला होता. "नळाला जोर फार आहे इथल्या," ती म्हणाली. भाचीने काही न विचारता तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. पलंगाच्या कडेला बसून बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"वेळेवर आली म्हणाल्या."

काढलेला बूट हातात धरून तो तसाच बसून राहिला. मग थोडा बाजूला सरकला. मामी त्याच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ दुसरा बूट त्याच्या पायातच होता.