भावाने दगा दिला

सायकलवाल्याने सकाळी शटर वर केलं, फोन उघडला आणि शटर पुन्हा खाली ओढावं की काय असं त्याला वाटलं. कंपनीने आपल्या संकेतस्थळावर विजेची सायकल साठ टक्के सूट देऊन विकायला काढली होती. तीच ती, राखाडी रंगाची, पुढे टोपली असलेली. दुकानदाराला कंपनी ज्या किमतीत माल देत होती, त्याहूनही स्वस्तात ती आता कुणालाही घरबसल्या मागवता येत होती. मागच्या खोलीत अशा नऊ सायकली खोक्यांत पडून होत्या. पण त्याला खरी काळजी लागली ती दहाव्या सायकलीची.

दहावी आक्काकडे होती. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, रिटायर झालेली नर्स, टेकडीवरच्या शेवटच्या घरात एकटी राहणारी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि त्यानंतर एक वेणी घालणं सोडलं तर बाकी सगळं तिने त्याच्यासाठी केलं होतं. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून तिला टेकडी चढवत नव्हती, तरी विजेची सायकल घ्यायचं म्हटलं की ती दोन वर्षं का-कू करत होती. तीन महिन्यांपूर्वी कंपनीचा प्रतिनिधी दुकानात चहा पिता पिता म्हणाला, "भाव वाढणार आहेत, लिहून घ्या." सायकलवाल्याने ते वाक्य जसंच्या तसं उचलून टेकडीवर नेलं.

"आक्का, आत्ताच घे. भाव वाढणार आहेत, उतरणार नाहीत. माझा शब्द."

आक्काने त्याच आठवड्यात पूर्ण किंमत मोजली. धाकट्याच्या दुकानात सूट मागायची नाही, असा तिचा कडक नियम होता. आता तिला कुठल्या तोंडाने भेटायचं, हे त्याला सुचेना.

त्याने प्रतिनिधीला फोन लावला. तो कंपनी सोडून गेला होता. मग मदत क्रमांकावर एक बाई अतिशय गोड आवाजात बोलल्या.

"सर, ते मॉडेल आम्ही निवृत्त केलंय."

"म्हणजे त्यात काही खराबी निघाली का?"

"नाही सर, उत्तम मॉडेल आहे."

"मग एवढं स्वस्त का?"

"निवृत्त केलंय ना, सर."

"आणि त्याची बॅटरी पुढे मिळेल का?"

"साठा आहे तोवर, सर."

फोन ठेवल्यावर त्याला आधीपेक्षाही कमी समजलं होतं. तेवढ्यात शेजारचा शिंपी आला. हा गृहस्थ वर्षभर त्याच सायकलभोवती घुटमळून "काही कमी करा" म्हणत होता. आज त्याने चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला आणि नाक मुरडलं.

"साठ टक्के? मग हिच्यात काहीतरी खोट असणार."

"अहो, परवापर्यंत तुम्हीच महाग म्हणत होता."

"महाग होती तेव्हा चांगली होती," शिंपी म्हणाला आणि कात्री घेऊन आपल्या कामाला गेला.

सायकलवाला स्टुलावर बसून राहिला. मागे सगळं जग घरात कोंडलं गेलं होतं तेव्हा लोक सायकलींवर तुटून पडले होते. त्याला दहा हव्या होत्या. मागितल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा माल येतो हे ठाऊक असल्यामुळे त्याने तीस मागवल्या. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानदाराने चाळीस मागवल्या. मग कंपनीने कारखान्याला आणखी फुगवून सांगितलं असणार, आणि कारखान्याने ते खरं मानलं असणार. सायकली तयार होऊन येईपर्यंत लोक पुन्हा आपापल्या गाड्यांत जाऊन बसले होते. म्हणजे हा भाव पाडण्यात आपलाही हात आहे की काय? हा विचार त्याला मुळीच आवडला नाही, म्हणून तो उठून एक चाक सरळ करायला लागला.

दुपारी पोस्टमन हवा भरायला आला. "काल आक्कांकडे गेलो होतो," तो पंप मारता मारता म्हणाला. "मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. फार चिडल्या होत्या. भावाने दगा दिला, म्हणत होत्या."

सायकलवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. आक्काने आजवर त्याच्या थोबाडीत मारली होती, कान पिळला होता, एकदा दोन दिवस अबोलाही धरला होता. पण बाहेरच्या माणसाजवळ तिने त्याला कधी नावं ठेवली नव्हती. ज्या चाकाला थोडाच बाक होता, ते त्या दुपारी त्याने पार वाकडं करून ठेवलं.

त्यानंतर चार दिवस तो टेकडीवर गेला नाही. एरवी दर दोन दिवसांनी त्याची फेरी असायची. आक्काचा दोनदा फोन आला, तेव्हा "गिऱ्हाईक आहे" म्हणून त्याने ठेवून दिला. गिऱ्हाईक म्हणायला दुकानात शिंपीसुद्धा नव्हता.

पाचव्या दिवशी कंपनीचा टेम्पो आला. संकेतस्थळावरून कुणी सायकल घेतली की ती जवळच्या दुकानात यायची आणि दुकानदाराने ती जोडून घरपोच द्यायची, अशी कंपनीची रीत होती. टेम्पोवाल्याने राखाडी सायकलीचं खोकं उतरवलं आणि पावती हातात देताना डोकं खाजवलं.

"गिऱ्हाइकाने सूचना लिहिलीय. भावाला कळू देऊ नये. आता भावाला काय कळायचंय हो? किंमत झाकून द्यायची का?"

सायकलवाल्याने पावती घेतली. पत्ता होता: टेकडीवरचं शेवटचं घर, निळं फाटक.

त्याने पत्ता पुन्हा वाचला, सूचना पुन्हा वाचली, पण डोकं काही चालेना. दगा दिला म्हणते आणि तीच सायकल दुसऱ्यांदा घेते? आणि चोरून? दोन तास तो सायकल जोडत होता आणि प्रत्येक बोल्ट आवळताना त्याला नवा अर्थ सुचत होता, पण एकही पटत नव्हता. शेवटी तो त्याच सायकलीवर बसून टेकडी चढला.

आक्का फाटकातच उभी होती. सायकल पाहिली, मग त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुला कळायला नको होतं."

"मग माझ्याच दुकानात कशी आली?"

"मला काय ठाऊक तिथे येते ते. मी तर बजावून लिहिलं होतं."

"दुसरी कशाला घेतलीस?"

"बॅटरीसाठी. मशीन एकदम मातीमोल विकायला लागले की समजायचं, आता त्याचे पार्ट बंद होणार. हॉस्पिटलात आम्ही लगेच एक जादा घेऊन ठेवायचो. तुला सांगितलं असतं तर पहिलीच्या किमतीवरून जिवाला लावून घेऊन बसला असतास."

"तूच म्हणालीस ना, भावाने दगा दिला."

"दिलाच की. तीन महिन्यांत निम्म्याच्याही खाली आला, मेला."

"भाव?"

"मग कोण?" असं म्हणता म्हणता आक्का थांबली. "अरे, म्हणून तू चार दिवस वर आला नाहीस?"

"शब्द दिला होता मी," तो कसंबसं म्हणाला.

"तो शब्द तुझा नव्हताच. त्या चहा पिणाऱ्याचा होता, तू नुसता वर आणून दिलास." तिने सायकल हातात घेतली. "पुढच्या वेळी आणण्याआधी जरा तपासून बघ. सायकल नाही का तपासत?"

"मीही तीस मागवल्या होत्या, आक्का. हव्या होत्या दहा."

"लहानपणी पोळ्याही तशाच मागायचास," ती म्हणाली. "दे ती पावती."

पावती फाटकावर टेकवून तिने सही केली, खाली आणखी काहीतरी लिहिलं आणि घडी करून त्याच्या खिशात कोंबली. तो चालत उतरला. दुकानात आल्यावर त्याने घडी उलगडली. सहीखाली कंपनीने तक्रारीसाठी एक चौकोन छापला होता. त्यात आक्काने तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "भाऊ चार दिवस आला नाही."

ती पावती कंपनीला परत पाठवायची असते. सायकलवाल्याने ती पाठवली नाही.