करड्या रंगाखालची आई

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे, वर्तमानपत्राच्या कचेरीतला. माझ्या पाठीवर शिक्के आहेत, कोपऱ्यात टाचणीचा गंज आहे आणि माझ्या पोटात एक आई बुजवलेली आहे.

माझा जन्म अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली झाला. औषधाच्या पाण्यात आधी बापाचा चेहरा उमटला, मग त्याच्या हातांवरचे मूल, आणि शेवटी त्या मुलाचे डोके खालून सावरणारी आई. त्या सकाळी शाळेची भिंत कोसळली होती. मूल जिवंत नव्हते.

संपादकांनी मला पाहिले आणि म्हणाले, "बाई मध्येच येते. बाप आणि पोर, बस्स. लोकांच्या काळजाला भिडेल."

मग फोटो दुरुस्त करणाऱ्याने कुंचला करड्या रंगात बुडवला. आधी तिचे तोंड गेले, मग खांदा, मग हात. रंग वाळेस्तोवर तो चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पानावर झळकलो. वाचक रडले. माझे खूप कौतुक झाले. नंतर मला 'अपघात' लिहिलेल्या पाकिटात कोंबले गेले. तिथे वर्षानुवर्षे कसर माझ्या कडा कुरतडत राहिली. पुढे कचेरी हलली, कपाटे रद्दीत निघाली, आणि जुने फोटो जमवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरने मला उचलले.

त्याच्याइतके प्रेम माझ्यावर कुणी केले नव्हते. तो मला हातमोजे घालूनच धरी. पाहुण्यांना सांगे, "हा डाग बघितलात? इथं एक बाई होती. साफ गायब! हीच तर गंमत आहे."

त्याने मला एका प्रदर्शनात मांडले. ते पाहून एक म्हातारी आपल्या मुलीला घेऊन त्याच्या घरी आली.

"या डागाखाली मी आहे," ती म्हणाली.

डॉक्टर हरखला. त्याने मला चौकटीतून काढून तिच्यापुढे ठेवले.

"सासू मरेपर्यंत म्हणायची, पोर बापाच्या हातात होतं हे जगानं पाहिलं, तू कुठं उलथली होतीस?"

"आणि तुमचे यजमान?"

"लोक त्यांना हात जोडायचे. ते कशाला तोंड उघडतील? हिलासुद्धा आजीचंच खरं वाटतं. साहेब, एवढा रंग पुसा. हिला एकदा दिसू दे."

डॉक्टर हसला.

"छे हो आजी! या रंगामुळेच तर हा फोटो वेगळा आहे. तो पुसला की उरलं काय?"

म्हातारीने बोट जिभेवर ओले केले आणि माझ्यावर घासले. रंग विरघळला. मुलाच्या डोक्याखाली चार बोटे उघडी झाली.

"बघ," ती मुलीला म्हणाली.

डॉक्टरने तिचे मनगट पिरगाळून मला हिसकावले. "अक्कल आहे का? निघा इथून!"

मुलीने बोटे पाहिली होती. "कुणाचाही हात असेल, आई," ती म्हणाली. "चल आता, शोभा पुरे झाली."

त्याच आठवड्यात डॉक्टरने ती बोटे तशाच करड्या रंगाने बुजवून घेतली.

मित्रांनो, आम्हा जुन्या फोटोंना जरूर जपा. उन्हात ठेवू नका, कसर लागू देऊ नका. पण फोटोतले माणूस कधी तुमच्या दारात आले, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या. ती म्हातारी सगळा वेळ उभीच होती.