घमेल्यापर्यंतची सावली

"तुही बायको पानी चोरते," अंजनाबाई म्हणाली आणि लेकाच्या ताटात भाकर वाढली म्हणण्यापेक्षा आपटलीच. "खाय आता निवांत."

देवराव भिलाईच्या पोलाद प्लँटात फिटरच्या हाताखाली होता. पहिल्या पाळीहून नुकताच आला होता, कानात अजून लोखंड वाजत होतं. "माय, नळ आपल्या आंगनात हाय. घरातलं मानूस पानी चोरंल कशाले?"

"थेच तं मी इचारून राहिली! रोज सकाळी मी रांजनाले आतून राखेची रेघ मारते. संध्याकाळी पाहाव तं रेघ वर अन् पानी खाली. अन् मी दुपारी आडवी झाली का हे महाराणी मांगचं दार उघडते. कडी वाजू नाही म्हणून कडीले फडकं गुंडाळलं हाय तिनं. सोताच्या घरात कडीले फडकं कोन बांधते रे?"

कांता चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही. अंजनाबाईच्या हिशेबी हा कबुलीजबाबच झाला.

पाण्याच्या बाबतीत अंजनाबाईशी कुणी थट्टा करायची नाही, हे सेक्टर दोनच्या त्या अख्ख्या लाइनीला माहीत होतं. भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात विहिरीचा ओटा तिच्या लोकांसाठी नव्हता. ओट्याखाली रिकामी घागर घेऊन बसायचं, आणि वरच्या आळीतल्या कुणाला दया आली की त्याने वरून ओतायचं. कधी सकाळीच दया येई, कधी उन्हं कलल्यावर. पुढे नागपूरला दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि लेकाच्या मागे ती भिलाईला आली. क्वार्टरच्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी तिने तो नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. नळ सरकारचा नव्हता, देवरावचाही नव्हता. अंजनाबाईचा होता.

"अन् लेंड्या?" ती थांबायला तयार नव्हती. "भिंतीमागं थे मोठे पाइप पडून हायेत ना, तिथं ढीग हाय लेंड्यांचा. रोज एकाच जागी. हिनं चोरून शेळी पाळली. दूध कोनाच्या घरी जाते, थे इचार. अन् केस पाय तिचे, झाडू झाला झाडू! बाईनं न्हानं सोडलं का समजाव, मन घरात नाही."

देवराव दिवसभराचा शिणलेला. त्याने ताट सरकवलं. "रविवारी तिले तुमसरले तिच्या मायजवळ नेऊन सोडतो. राह्य दे तिकडंच. रोजची कटकट नाही पाहिजे मले."

चुलीपाशी पळी मडक्याला लागून वाजली आणि थांबली.

शनिवारी दुपारी अंजनाबाई "शेजारच्या हिराकडं बसायले चालली" म्हणून निघाली आणि मागून वळसा घालून पाइपांपलीकडच्या अर्धवट बांधलेल्या क्वार्टरात शिरली. त्याला अजून दारं-खिडक्या नव्हत्या. चोर रंगेहाथ धरायच्या घाईत तिने प्यायला पाणी घेतलं नव्हतं. लू अशी वाहत होती की पापण्या मिटल्या तरी डोळे भाजावेत.

मागचं दार बिनआवाज उघडलं. कांता आली. तिच्या हातात कान तुटलेली बादली होती.

अंजनाबाईच्या कपाळावर आठी पडली. ती बादली कांताच्या न्हाण्याची. सकाळी प्रत्येकाला एक बादली अंजनाबाईच मोजून देई. कांताने पाइपांपुढे ठेवलेल्या घमेल्यात ती बादली पार निथळवली आणि खाली मान घालून परत गेली. ठेंगण्या भिंतीवरून अंगणातला रांजण दिसत होता. झाकण जागच्या जागी होतं, आणि नवा मातीचा रांजण लूच्या तोंडावर गळ्यापासून बुडापर्यंत ओला काळा झाला होता. झिरपत होता. लहानपणापासून मडकी वापरलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं.

तरी लेंड्या टाकणारी शेळी अजून सापडायची होती. ती उठणार, एवढ्यात पाइपाच्या सावलीतला मातीचा ढीग एक कान हलवून पुन्हा मातीचा झाला.

रोही होती, रानातली नीलगाय. बिनशिंगाची मादी, भुरकी, फासळ्या उघड्या पडलेली. पाय पोटाशी घेऊन बसलेली. समोर घमेलंभर पाणी, आणि ही उठेना.

"पानी दिसते ना तुले? मंग कावून उठत नाही?" अंजनाबाई ओठांतल्या ओठांत म्हणाली.

रोही धापा टाकत नव्हती. माश्यांवर शेपूटही मारत नव्हती, अगदीच असह्य झालं तर एक कान. तिच्यात आणि पाण्यात उन्हाचा एक पट्टा होता. तो ओलांडायला जे अंगातून जाणार होतं, ते तिला खर्चायचं नव्हतं. पाइपाची सावली मात्र इंच इंच घमेल्याकडे सरकत होती. रोही सावलीची वाट पाहत होती.

अंजनाबाईची जीभ टाळूला चिकटली होती. विहिरीखाली बसल्यावर तिची आई हेच करायला लावायची. बोलू नको, तोंडातली ओल जाते. हलू नको. निंबाची सावली सरकली की तेवढंच सरक.

तीही हलली नाही. दोघी बसून राहिल्या.

सावलीचा काठ घमेल्याला लागला तशी रोही उठली. डोकं वर न काढता प्यायली. आपल्या ठरलेल्या जागी लेंड्या टाकल्या. मग पलीकडे गेली, जिथं मागच्या उन्हाळ्यापर्यंत तळं होतं आणि आता मशिनींनी मुरूम दाबून सपाट केला होता. तिथं खाली नाक लावून ती बराच वेळ उभी होती. मग परत येऊन सावलीत बसली.

अंजनाबाई घरी आली तेव्हा कांता लुगडी गाठोड्यात बांधत होती.

"सांगतलं कावून नाही?"

कांता दचकली. मग सासूच्या पदराला लागलेलं सिमेंट तिला दिसलं. "तुमच्या लेकाच्या ठेकेदाराच्या मानसाजवळ बंदूक हाय, आत्याबाई. यायले सांगतलं असतं तं पाळीभर बोभाटा झाला असता, अन् दुसऱ्या रोजी रोही हंडीत."

"अन् मले?"

कांताने गाठोड्याची गाठ आवळली. "तुमचा आवाज तिसऱ्या लाइनीत जाते."

एरवी या उत्तराला अंजनाबाईने घर डोक्यावर घेतलं असतं. ती अंगणात गेली. तिने रांजणाचं झाकण काढलं, आतली राखेची रेघ तळव्याने पुसली, कान तुटलेली बादली काठोकाठ भरली आणि ती सुनेपुढे आणून ठेवली. मग बोलली, तिसऱ्या लाइनीपर्यंत जाणार नाही अशा आवाजात:

"तू घुमी हायेस, अन् कडीले फडकं बांधनारी बाई मले पसंत नाही, थे मी तोंडावर सांगते. गाठोडं सोड. न्हाऊन घे. अन् उद्यापासून घमेलं सकाळीच भरून सावलीत ठेवत जाय, थे रोही यायच्या आंधी. माह्या घरच्या पान्यासाठी कोनी वाट पाहात बसलेलं मले चालनार नाही."