विहिरीपेक्षा खारं

मैनाबाईंनी समुद्र पाहायला जाणार असं जाहीर केलं, तेव्हा नत्थुजींनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"खारं पाणी पाहाले एवढ्या दूर चालली? आपल्या विहिरीत काय साखर हाय?"

नवऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. भातकुलीकडे खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायचं पाणी वेगळं आणावं लागतं. पण मैनाबाई इरेला पेटल्या. नाल्याकाठच्या वावरात मेथी-वांगी पिकवून अमरावतीच्या बाजारात चाळीस वर्षं ओरडून विकणारी बाई अशी हसण्यावारी थोडीच जाणार!

"समिंदर आपल्या विहिरीपेक्षा खारा हाय का नाही, ते चाखूनच येईन अन् तुमाले सांगीन," त्या म्हणाल्या आणि पिशवी भरायला लागल्या.

मे महिना सरत आला होता. लेक आरती आणि जावई देवानंद यांच्या गाडीतून तिघं कोकणात निघाली. प्यायच्या पाण्याची वीस लिटरची कॅन मैनाबाईंनी घरून घेतली होती, कारण परक्या गावच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. देवानंद शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागेतला गडी. बागेतल्या खोल विहिरीत काठावरून उडी मारायची आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, ही त्याची ख्याती. वाटेत ती त्याने स्वतःच चार वेळा सांगितली. सासूबाईंनी, म्हणजे त्याच्या मामींनी, चारही वेळा "हो का जी, जवाईबापू?" म्हणून नवल केलं.

आणि मग समोर समुद्र आला. मैनाबाईंच्या तोंडून नुसतं "ऑऽ माय!" निघालं. एवढं पाणी, आणि त्याला पलीकडचा काठच नाही! त्यांना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि कोण पाहतंय म्हणून त्यांनी खरंच दोन पिटल्या.

वाळूत लाल झेंडा रोवलेला होता. शिट्टी गळ्यात घातलेला जीवरक्षक येऊन सांगून गेला, "वादळ येतंय. पाण्यात जाऊ नका, लवकर निघा." मग तो लांब टोकाला खेळणाऱ्या पोरांना बाहेर काढायला पळाला. इथे अजून ऊन होतं. पण मागच्या डोंगरावर आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि गडगडाट ऐकू येत होता. त्या डोंगरातून एक ओढा वाळूतून समुद्रात उतरत होता, जेमतेम घोटाभर पाण्याचा. मैनाबाईंची नजर सवयीने आधी तिकडेच गेली. पाणी लाल व्हायला लागलं होतं आणि त्यावर काटक्या-पाचोळा वाहत होता.

"आरती, वरतं पाऊस पडून राहिला. याले पूर येईन पाह्य आता."

घरच्या नाल्याची हीच रीत होती. वावरात ऊन आणि नाल्यात लोंढा.

"मामी, एकच डुबकी मारतो अन् निघू," देवानंदने तोवर सदरा काढलाही होता. "सगळीकडे लाटा फुटून राहिल्या, पण वढ्यासमोरची जागा पाहा कशी शांत हाय. एकदम विहिरीवानी."

नाला ओलांडायचा तर जिथे पाणी खळखळतं तिथेच पाय टाकायचा, तिथे खाली दगड असतात. जिथे पाणी मुकाट असतं तिथे डोह. हे त्यांना चालायला शिकल्यापासून ठाऊक होतं.

"तिथं नोका जाऊ जी, जवाईबापू. थे पानी चांगलं नाही."

"मले पोहता येते, मामी!" तो हसला आणि धावला. जावयाचा हात धरून कसं ओढायचं? मैनाबाईंचा हात अर्धा उचलला गेला आणि तसाच राहिला. त्या अर्ध्या हाताचा त्यांना पुढे फार राग आला.

बघता बघता देवानंदचं डोकं लहान व्हायला लागलं. तो वळला, किनाऱ्याकडे तोंड करून सपासप हात मारायला लागला, पण जवळ येईना. ओढाही आता मांडीएवढा होऊन धाड धाड समुद्रात घुसत होता. आरती किंचाळत जीवरक्षकाच्या दिशेने हात हलवायला लागली.

"जवाईबापू, समोर नोका येऊ जी! तिरपे या जी!" मैनाबाई ओरडल्या. एवढं अदबीचं वाक्य पहिल्याच लाटेत बुडालं.

पुरात सापडलेली म्हैस कधी पाण्याशी भांडत नाही. ती आडवी आडवी सरकते आणि खाली कुठेतरी काठाला लागते. मैनाबाईंनी हे कितीदा पाहिलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि बाजारातला चाळीस वर्षांचा गळा मोकळा सोडला.

"अरे ए देवाऽ! गध्या! इकडे नोको येऊ! आडवा जाय! आडवाऽ!"

दोन्ही हातांनी त्या बाजूची जागा दाखवत होत्या, जिथे लाटा फुटत होत्या. मग त्या गाडीकडे धावल्या, घरचं पाणी भडाभडा ओतून टाकलं आणि रिकाम्या कॅनचं झाकण गच्च लावलं. "माया पदर धर, सोडू नोको," असं आरतीला बजावून त्या ओढ्याच्या तोंडाशी पाण्यात शिरल्या आणि कॅन सोडून दिली. ज्या ओढीने जावई नेला होता, तीच कॅनही नेणार होती. नाल्यात निसटलेला भोपळा कुठे जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कॅन गेली, सरळ गेली! देवानंदने ती छातीशी धरली, भांडणं सोडलं आणि आडवा सरकायला लागला. एक लाट आली, दुसरी आली, तिसरीने त्याला किनाऱ्याकडे ढकललं. तोवर जीवरक्षक पोचला आणि त्याने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याच वेळी वीज कडाडली आणि टपोरा पाऊस कोसळला. सगळे गाडीत घुसले.

"आडवं जायला कोणी सांगितलं याला?" जीवरक्षकाने धापा टाकत काचेतून विचारलं. "सरळ येत राहिला असता तर दमून बुडाला असता." आणि तो उरलेल्या लोकांकडे पळाला.

देवानंद बराच वेळ खोकत होता. मग मान खाली घालून म्हणाला, "मामी, तुमी 'या जी' म्हनत होत्या, थे काहीच आयकू आलं नाही. 'गध्या' तेवढं आयकू आलं."

सासूने जावयाला चारचौघांत गाढव म्हटलं होतं! मैनाबाईंनी तोंडावर हात ठेवला. आरती रडता रडता हसायला लागली, आणि मग त्याही हसल्या. मघाच्या त्याच अर्ध्या हाताने त्यांनी जावयाचं मनगट गच्च धरलं, आणि आता त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात नत्थुजींचा फोन आला. आरतीने तो आईच्या कानाशी धरला.

"पाहिला का समिंदर? चाखला का?"

मैनाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. ज्या समुद्रासाठी एवढ्या लांब आल्या, त्यात त्यांनी पाय कधी टाकला हे त्यांना आठवतच नव्हतं. त्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं, आणि दुसऱ्या हातातलं मनगट सोडलं नाही.

"लय खारा हाय हो," त्या म्हणाल्या. "आपली विहीर गोड हाय."