चाळीस दिवसांची राख

सिकंदर भटाऱ्यांनी तीन नंबरच्या टेबलाची खुर्ची ओढली, खांद्यावरच्या रुमालानं टेबल पुसलं आणि आतल्या दाराकडं बघून सुनेला हाक दिली.

“वाढ, पोरी.”

शटर अर्धं खाली होतं. दुपारी फराजच्या चाळिसाव्याची फातेहा झाली होती, बिर्याणी जेवून पाहुणे पांगले होते आणि मुलाच्या हॉटेलात आता बाप एकटाच गिऱ्हाईक होता. संध्याकाळी मोबाइलवाला विश्वजित किल्ली न्यायला येणार होता. उद्यापासून इथं फोनची कव्हरं टांगायची होती.

फराजनं सिंगापूरला आठ वर्षं एका हॉटेलात हात भाजून घेतले होते. तिकडं येऊन राहिलेल्या चिन्यांनी मलायी बायका केल्या, दोन घरांच्या चुली एक झाल्या, त्यातनं निघालेलं ते पेरानाकन जेवण. तिथलं हॉटेल हलाल होतं, म्हणून त्यानं इथंही पाटीवर ‘हलाल पेरानाकन’ असं मोठ्या हौसेनं रंगवून घेतलं. कसबा बावड्यातली माणसं पाटी वाचायची आणि विचारायची, “तांबडा-पांढरा मिळतोय का?”

तरी ती माणसं आली असती. नव्याचे नऊ दिवस म्हणून तरी आली असती. पण पहिल्याच दिवशी माती झाली, आणि ती सिकंदरनी केली. पन्नास वर्षं भटारी म्हणून लग्नाच्या जेवणाच्या डेगी उतरवलेला माणूस. त्यांनी घास घेतल्याशिवाय पंगत बसत नसे. फराजनं सगळ्या गल्लीदेखत त्यांच्यापुढं काळ्या रश्श्यातली कोंबडी ठेवली. रश्श्यात लिंबाएवढ्या काळ्या बिया होत्या. बीच्या फोडलेल्या तोंडातनं छोट्या चमच्यानं गर कोरायचा आणि भातात कालवायचा. ही बी मुळात विषारी असते, उकळून चाळीस दिवस राखेत पुरली की विष उतरतं, असं पोरगं भाबडेपणानं सांगत सुटलं.

“इख हाय म्हणतोस आणि बापालाच वाढतोस व्हय?” सिकंदर म्हणाले आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

लोक हसले. तेही हसले. पण भटाऱ्यानं सारलेल्या ताटाला गल्ली कशाला हात लावेल? चार महिन्यांत फराज दुसऱ्या हॉटेलांची पार्सलं मोटारसायकलवरनं पोचवायला लागला. एका दुपारी वळणावर उसाच्या ट्रॉलीखाली आला. पिशवीतलं पार्सल मात्र शाबूत राहिलं, असं येईल तो सांगायचा. सिकंदरना ते ऐकवत नसे.

अपघाताच्या दिवशीच सकाळी फराजनं नव्या बिया उकळून मागच्या अंगणात राखेच्या डब्यात पुरल्या होत्या.

आयेशानं ताट आणून ठेवलं. नवऱ्यामागची इद्दत चालू होती, त्यामुळं हॉटेलाला लागून असलेल्या घराबाहेर ती पडलीच नव्हती. मोजायला तिच्याकडं दिवसच होते.

“आज चाळीस भरले, अब्बा.”

“चाखलंस?”

“न्हाय. फातेहेला ठेवायचं जेवण आधी कोण चाखतंय? आणि पयला घास तुमचाच, असं ते म्हणायचे.”

सिकंदरनी बी उचलली. लाखो माणसांना जेवू घातलेल्या हातानं छोटा चमचा आत घातला. चमच्यावर काजळासारखा गर आला. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं.

तेवढ्यात त्यांची बायको सुलतानबी घासलेलं पातेलं घेऊन मागच्या दारानं आत आली. तिची नजर ताटावर गेली.

“ह्या बिया कुठल्या? डब्यातल्या?”

“व्हय, अम्मी.”

“राखेतल्या काय पण शिजवता! ती राख आम्ही तिसऱ्या दिवशी जियारतीलाच डेगी घासाय काढल्ती. डबा पालथा केल्ता सगळा. बिया मोरीपाशी पडलेल्या परवा झाडताना दिसल्या. फराजच्या हातचं काय तरी हाय म्हणून परत भरल्या, वर राख घातली.” चमचा अधांतरीच राहिलेला बघून ती थबकली. “का? काय झालं?”

आयेशाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला ताट उचलायचं होतं, पण हात पुढं होईना.

चमचा सिकंदरच्या हातात तसाच होता. खाऊन टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. इख तर इख, पोराच्या हातचं आहे. त्या दिवशीचं तेवढं तरी फिटेल. मग त्यांनी आयेशाकडं पाहिलं. ताट तिनं वाढलं होतं.

त्यांनी चमचा ठेवला आणि ताट बाजूला सारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

“किती राहिल्यात?”

“चार हायत डब्यात.”

“पुन्यांदा उकळाय ठीव.”

“माझ्या हातनं झालं हो,” सुलतानबी रडायला लागली.

“तुझं काय न्हाय त्यात. पोराचं हॉटेल तू न्हाईस बंद पाडलं.”

हे ते आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. ते अंगणात गेले. बिर्याणीच्या चुलीतली राख अजून कोमट होती. ती दोन्ही हातांनी डब्यात भरत ते उकिडवे बसून राहिले. निवलेल्या बिया आयेशानं आणून दिल्या, तेव्हा त्या त्यांनी एकेक करून खोल दाबल्या.

शटर वाजलं. विश्वजित खाली वाकून आत डोकावत होता.

“काका, किल्ली नेतो.”

“चाळीस दिवसांनी ये.”

“अहो, ठरलंय की आपलं! उद्या फर्निचरवाला येतोय.”

सिकंदर कोपरापर्यंत राखेनं भरलेल्या हातांनी दारात उभे राहिले.

“हॉटेल बंद न्हाय अजून,” ते म्हणाले. “एक गिऱ्हाईक जेवायचं राहिलंय.”